पर्यायांच्या चौकटीतील तात्पर्यनिर्णय

राष्ट्रीय पात्रता चाचणीतील (नेट) तिसरी, दीर्घोत्तरी पत्रिका जून २०१२ पासून बहुपर्यायी झाली आणि आपण लावलेला अर्थ सकारण मांडण्याची त्या परीक्षेतील जागा मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला उरली नाही. उताऱ्याखालचे प्रश्न मात्र राहिले. ते सोडविण्याच्या युक्त्या शिकवणी वर्गांत सांगितल्या जातात. समीक्षेने त्यांना हीन लेखू नये. त्या युक्त्यांत वाचनाचा एक सिद्धान्तच दडलेला आहे.

कुर्डुवाडीच्या विद्यार्थ्यापुढे पुढील उतारा ठेवून पाहू : ‘१८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला. पुढे तो पंढरपूरपर्यंत वाढला व वारकऱ्यांची सोय झाली. नंतर लातूर व मिरजही त्याला जोडली गेली.’ मुख्य आशय कोणता? (अ) बार्शीच्या व्यापाराची भरभराट. (आ) केवळ या मार्गामुळे कुर्डुवाडी नावारूपास येणे. (इ) अरुंदमापी मार्गाचा क्रमशः विस्तार. (ई) वारकऱ्यांची सोय.

रेल्वेच्या गावात वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘अ’ खरा वाटेल, पण तो त्याच्या स्मृतीत आहे, संहितेत नाही. ‘आ’मधील ‘केवळ’ला उताऱ्यात आधार नाही. खरा चकवा ‘ई’चा आहे, कारण ते विधान उताऱ्यात शब्दशः येते. येथे मीमांसकांची तात्पर्यलिंगे कामी येतात. उपक्रम आणि उपसंहार मार्गाविषयीच बोलतात. वाढणे, जोडले जाणे हा अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती, तीच दिशा दाखवितो. वारकऱ्यांचा उल्लेख अर्थवादासारखा पूरक आहे. तेव्हा उत्तर ‘इ’. पर्याय खरा आहे की नाही एवढेच पाहणारा वाचक येथे फसतो. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहावे लागते.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्या भरकटलेल्या वाचनांवरच ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) उभारले. वाचनात घुसणाऱ्या खासगी आठवणी आणि साचेबंद प्रतिसाद त्यांना तेथेच सापडले. बहुपर्यायी परीक्षाही हेच दोष हेरते, पण चुकण्यामागचे कारण मात्र टाकून देते.

गद्य, माहितीपर उताऱ्यात हे एक वेळ चालते. कविता किंवा उपरोधिक गद्य आले की चारही पर्याय बहुधा वाच्यार्थाच्या पातळीवर बोलतात आणि व्यंजना ऐकण्याची सवय लागलेला वाचकच अडखळतो. अशा वेळी सर्वांत समृद्ध अर्थ शोधू नये. संहितेतील एकाही शब्दाने खोडला न जाणारा पर्याय घ्यावा. ही तडजोड आहे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने प्रश्न कोरा सोडण्यातही अर्थ नाही.

निकालापूर्वी तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध होते आणि प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून तिच्यावर आक्षेप घेता येतो. आपल्या वाचनाचा आधार दाखविण्याची संधी परीक्षार्थ्याला मिळते ती या टप्प्यावर.