परिषदेतले पोस्टर आणि लोणारचे पाणी

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने विज्ञान परिषदेत स्वतःचे काम मांडावे, ही गोष्ट आता दुर्मीळ राहिलेली नाही. राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन संमेलनात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट असतो. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन नागपूरला भरले, तेव्हा देशपातळीवरची परिषद विदर्भातल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली. याचे स्वागतच करायला हवे. मात्र या परिषदांतून विद्यार्थी नेमके काय शिकतो, हे तपासले पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्यातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला विषय शोधत फिरावे लागत नाही. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर त्याच्या जिल्ह्यातच आहे. तळ्याचे पाणी खारट व आम्लारिधर्मी असून सामू १० च्या आसपास असतो. कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या मिश्रणाचे अनुमापन तो प्रयोगशाळेत करतोच.

प्रत्यक्षात पोस्टरवर काय दिसते? सामू, क्षारता आणि क्लोराइड यांचे एक कोष्टक, तळ्याची दोन छायाचित्रे आणि ‘जनजागृती आवश्यक आहे’ हा निष्कर्ष. कोष्टकातल्या कोणत्या आकड्यावरून हा निष्कर्ष निघाला, हे कोणी विचारत नाही. परीक्षक दोन मिनिटे थांबतात, ‘छान’ म्हणतात आणि पुढे जातात. दुपारी प्रमाणपत्र मिळते.

यात विद्यार्थ्याचा दोष कमी, परिषदेचा अधिक. विचारण्यासारखे प्रश्न साधेच आहेत. सामूमापक ४ आणि ७ च्या बफर द्रावणांनीच प्रमाणित केला असेल, तर १० हे वाचन कितपत विश्वसनीय? पाण्यात सोडियम भरपूर आणि सामू इतका वर, अशा वेळी काचेचा विद्युतअग्र सोडियमलाही प्रतिसाद देतो आणि सामू खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, याचा विचार केला होता का? नमुना किती दिवसांनी तपासला? उघड्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड शोषला गेला, की कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते. मग फिनॉल्फ्थॅलिनचे वाचन घटते, पण मिथिल ऑरेंजपर्यंतची एकूण क्षारता तीच राहते. हा फरक ज्याला स्वतःच्या आकड्यांत दिसला, त्याला रसायनशास्त्र कळू लागले असे समजावे. शेवटी, धनायने आणि ऋणायने यांची समतुल्यांत केलेली बेरीज जुळते का? हा ताळा कागद-पेन्सिलीने होतो.

हे प्रश्न का विचारले जात नाहीत? परिषदा फार आणि वेळ थोडा, हे एक कारण. दुसरे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत परिषदेत निबंध वाचण्यालाही गुण होते. मोजदाद प्रमाणपत्रांची सुरू झाली, की प्रश्न विचारणारा माणूस अडथळा वाटू लागतो.

प्रश्न नीट विचारला की काय होते, हे लोणारनेच दाखवले आहे. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले, तेव्हा तर्क पुष्कळ लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचा निष्कर्ष काढला.

तेव्हा शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. लोणार अभयारण्यातून पाणी आणण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. नमुन्याची तारीख, वेळ, जागा आणि खोली पोस्टरवर लिहायला लावावी. प्रत्येक मापन तीनदा करून घ्यावे. परिषदेला जाण्यापूर्वी वर्गात पोस्टर टांगून बाकीच्या मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. परत आल्यावर ‘कोणता क्रमांक आला?’ याऐवजी ‘कोणत्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही?’ असे विचारावे आणि त्या प्रश्नापासून पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाला सुरुवात करावी. याला अनुदान लागत नाही. वर्गातला एक तास मात्र द्यावा लागेल.