‘अस्तु’ आणि रक्ताचं गणित

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा मोहन आगाशे यांच्या अभिनयापाशी थांबतो. संस्कृतचे पंडित चक्रपाणि शास्त्री अल्झायमरमुळे स्वतःलाच विसरत जातात, एका हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. पण चंद्रपूर-गडचिरोलीत बसून हा चित्रपट पाहिला, की लेकीकडे बघताना आणखी एक प्रश्न मनात येतो: बापाचं दुखणं हिच्यातही उतरेल का?

आपल्याला हा प्रश्न पडतो, कारण सिकलसेलनं आपल्याला रक्ताचं एक गणित शिकवलंय. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी तपासणी करा, हा सल्ला तिथे योग्यच. पण तेच गणित अल्झायमरला लावलं, की घोटाळा होतो.

कोलंबियातल्या अँटिओक्विया भागात काही कुटुंबांमध्ये एकाच जनुकातला बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के, आणि स्मृती चाळिशीतच ढासळू लागते. मात्र असे प्रकार अल्झायमरच्या एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी आहेत. बाकी बहुतेकांना हा आजार पासष्टीनंतर होतो. ‘एपीओई-४’ या जनुकानं धोका वाढतो, पण आजार होईलच असं नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात हे जनुक आणि हा आजार, दोन्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियापेक्षा कमी आढळले.

म्हणून ‘अस्तु’ रक्तापेक्षा सांभाळण्याकडे लक्ष वेधतो, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. आमचा आक्षेप वेगळा आहे. चन्नम्माची माया इतकी सहज दिसते, की तिचे कष्ट नजरेआड होतात. अमृता सुभाष यांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारी ही भूमिका सुंदर केलीय. पण मोहफुलं वेचून, तेंदूपत्ता तोडून घरी आलेल्या सुनेनं रात्रभर सासऱ्यामागे जागायचं, तर तिला विसावा कोण देणार?

‘म्हातारचळ लागला’ म्हणून आपण आजार हसण्यावारी नेतो, नाहीतर पोरीचं लग्न मोडेल म्हणून लपवतो. लपवलं की डॉक्टर दूर राहतो आणि सगळा भार त्या एकट्या सुनेवर पडतो. आजोबांच्या विसरण्यावरून नातीचं स्थळ नाकारणाऱ्यांना हे गणित समजावून सांगा, आणि घरातल्या त्या सुनेची पाळी आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कुणीतरी घ्या.