हरळ, कोळी आणि आपले साहित्य

आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्यात सृष्टीचे वर्णन विपुल आहे. तिची व्याप्ती मात्र अरुंद आहे. आमच्या वाचनात तरी फुले, पाखरे, चांदणे आणि सागर यांपलीकडे आपली लेखणी क्वचितच गेलेली दिसते. कातळ आणि कोळी यांना तेथे प्रवेश मिळालाच, तर तो दृष्टान्तापुरता.

या परंपरेचा उगम थोर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली प्रथम छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठीची थोरवी गाताना फुलांत मोगरा, परिमळांत कस्तुरी, पाखरांत मयूर आणि हरळांत रत्न अशा उपमा येतात. भाषेच्या गौरवासाठी त्या यथार्थच आहेत. तथापि रत्न उठून दिसावे म्हणून तेथे हरळ मागे राहते. हा कवीचा दोष नव्हे. उपमेपुरती केलेली ती निवड आपण पुढे दृष्टी म्हणून स्वीकारली, हा दोष आपला.

कोळ्याची उपेक्षा तर याहून अधिक. ईयोबाच्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात देवहीन माणसाच्या भरवशाला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली आहे. आम्हीही ती कित्येक वर्षे प्रवचनांत वापरली. ती कोणाच्या मुखी आहे, हे मात्र फार उशिरा ध्यानी आले. ती बिल्ददाची आहे; आणि ४२व्या अध्यायात परमेश्वर ईयोबाच्या याच मित्रांना, त्यांनी आपल्याविषयी यथार्थ भाषण केले नाही, म्हणून दोष देतो. स्वतः परमेश्वर ३८व्या अध्यायापासून बोलू लागतो, तेव्हा पृथ्वीचा पाया, हिमाची भांडारे, रानबकरी, शहामृग यांचा उल्लेख करतो. त्या प्राण्यांपासून तो नीतीचा पाठ काढत नाही. ईयोबाला केवळ पाहावयास लावतो. आपल्या भक्तिपर लेखनात बिल्ददाची रीत फार आणि ही दुसरी रीत थोडी, अशी आमची तक्रार आहे.

वास्तविक मराठीनेच येथे एक खूण ठेवली आहे. दर्यात जाळे टाकणारा कोळी आणि कोपऱ्यात जाळे विणणाराही कोळीच. प्रेषितांच्या जाळ्यात आपण ख्रिस्तसभा पाहतो, भिंतीवरच्या जाळ्यात मोह. त्या जाळ्याचा धागा कोळ्याच्या शरीरात द्रवरूप असतो आणि ओढला जाताच घट्ट होतो; चक्राकार जाळे विणणाऱ्या अनेक जाती जुने जाळे खाऊन त्याच द्रव्याचे नवे विणतात. हे ठाऊक असलेल्या लेखकाला मोहाचा दृष्टान्त इतक्या सहज सुचणार नाही.

कातळाचेही तेच. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आकसला, भेगाळला आणि त्याचे उभे काळे स्तंभ झाले. दगडासाठी ती चहूबाजूंनी फोडली गेली; २००७ साली तिला वारसा म्हणून संरक्षण मिळाले, तेव्हा इमारतींनी वेढलेला सुळका तेवढा उरला होता. ज्याच्याकडे कोणी कधी विस्मयाने पाहिले नाही, ते फोडताना कोणाचाही हात थांबत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकाला ‘लाउदातो सी’ हे नाव दिले, ते असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सृष्टिगीतावरून. त्या गीतात सूर्य, वारा, पाणी ही भावंडे आहेत. त्या कुटुंबात कातळ आणि कोळीही बसतील. आमच्या तरुण लेखकांना एवढीच विनंती, की नाताळापूर्वी घर झाडताना झाडू उचलण्याआधी घटकाभर त्या जाळ्याकडे पाहावे. दिसेल ते प्रथम लिहावे; तात्पर्याची घाई करू नये.