'तत्त्वतः मान्य' : एका शब्दाची चिकित्सा

आचोळ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, "सर, थिऑरेटिकली आपण सगळे समानच ना?" त्याच्या सुरातच उत्तर होते.

या इंग्रजी क्रियाविशेषणाचे दोन अर्थ आहेत. सिद्धांताच्या आधारे, हा पहिला. कागदावर आहे पण व्यवहारात नाही, हा दुसरा. मराठीत आपण 'तत्त्वतः' म्हणतो. जुन्या ग्रंथांत 'तत्त्वतः जाणणे' म्हणजे खऱ्या स्वरूपात जाणणे. आज 'मागणी तत्त्वतः मान्य' असे कळले की मोर्चेकरी ओळखतो, हाती काही पडलेले नाही. सत्य सांगणारा शब्द टाळाटाळीचा कसा झाला?

महाड पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व हजारो अनुयायांनी ते पाणी प्रत्यक्ष प्याले. लगेच मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. हक्क कोणी वापरत नव्हते तोवर तो मान्य होता. वापरताच मान्यता गेली. 'तत्त्वतः'चा सामाजिक अर्थ हाच होय. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या काळात घरे जळली, माणसे मेली.

समीक्षेतही हेच चालते. दलित साहित्य तत्त्वतः साहित्य मानायचे आणि मूल्यमापनाला बसताना जुनेच निकष काढायचे, ही महाडच्या ठरावाची वाङ्मयीन आवृत्ती आहे.

यावरून आपले काही कार्यकर्ते 'थिअरी नको, काम हवे' म्हणतात. घरातला पहिला पदवीधर म्हणून मलाही सिद्धांत परक्यांचा वाटत असे. पण थिअरी या शब्दाचे ग्रीक मूळ 'पाहणे' असे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी १९३६ साली आपले भाषण स्वतः छापले. जातीचा आधार धर्मशास्त्रांत आहे, हे त्यांनी त्यात उघड केले. ते पाहणेच होते. सिद्धांत आपला आहे. त्याच्या नावाने दिलेली पळवाट आपली नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: कोणी 'तत्त्वतः मान्य' म्हणाले, की अंमलबजावणीची तारीख विचार.