वऱ्हाडातील शालेय रंगभूमी आणि मुलांची स्वरचित गीते : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी बालरंगभूमीची चर्चा सामान्यतः मुंबई-पुण्याच्या संस्थांभोवती फिरत राहते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शाळांमधून स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने दरवर्षी असंख्य मुले रंगमंचावर येतात. परंतु या प्रयोगांची दखल समीक्षेने क्वचितच घेतली आहे. शालेय नाटकामुळे मुलांच्या सर्जनशीलतेचा विकास होतो, हे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. पाठ केलेले संवाद म्हणणारे आणि ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलविणारे मूल रंगमंचावर असते, पण निर्मितीप्रक्रियेत ते असतेच असे नाही. नाटकातील गीत मुलांनी स्वतः रचल्यास हे अंतर कसे कमी होते आणि त्यासाठी वऱ्हाडाच्या लोकपरंपरेत कोणती सामग्री उपलब्ध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘मुलांसाठी’ आणि ‘मुलांचे’

सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले. तेव्हापासून मुलांसाठी स्वतंत्र, व्यावसायिक दर्जाचे नाटक असावे हा विचार मराठीत रुजला. पुढे आविष्कारच्या चंद्रशाळेने ‘दुर्गा झाली गौरी’सारख्या प्रयोगातून मुलांना मोठ्या संख्येने रंगमंचावर आणले. १९८६ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘छान छोटे वाकडे’द्वारे बर्लिनची ग्रिप्स नाट्यशैली मराठीत आणली. या शैलीत राजा-राक्षस नाहीत. घर, शाळा व रस्ता येथील मुलांचे खरे प्रश्न आहेत आणि गीत हे त्या प्रश्नांवरील मुलांचे भाष्य असते.

हे सर्व टप्पे महत्त्वाचे आहेत. तथापि त्यांत एक समान मर्यादा आढळते. ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. इतरत्र मुले अभिनय करतात, पण शब्द प्रौढांचे असतात. ‘मुलांसाठी’ नाटक झाले, ‘मुलांनी’ केलेले नाटकही झाले. ‘मुलांचे’ नाटक मात्र अपवादानेच झाले. शासनाच्या बालनाट्य स्पर्धेतही निर्मिती, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा व अभिनय या अंगांचा प्रामुख्याने गौरव होतो. स्पर्धेचे निकष शाळेच्या तालमीलाही वळण लावतात, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे.

भुलाबाई आणि झडती

मुलांकडून गीतरचनेची अपेक्षा करणे अवास्तव आहे, असा आक्षेप घेतला जातो. वऱ्हाडापुरता तरी तो टिकत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत येथे भुलाबाईची गाणी म्हटली जातात. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई-भुलोबा बसतात आणि मुली घरोघरी जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गातात. शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. या गाण्यांची चाल ठरलेली असते. पण नात्यांची, दागिन्यांची, पदार्थांची नावे घालून कडवे वाढविण्याची मुभा गाणारीला असते. खाऊ ओळखण्याच्या खेळात प्रश्न-उत्तराची नाट्यरचना आयतीच मिळते.

पोळ्याच्या झडत्यांचे स्वरूप याहून धीट आहे. तोरणाखाली बैल उभे असताना म्हटल्या जाणाऱ्या या यमकबद्ध रचनांत सावकार, पुढारी, पीकपाणी यांवर नेमके बोट ठेवले जाते. झडती दरवर्षी नवी होऊ शकते, कारण तिचा विषय ते वर्ष असते. गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनाचेही येथे स्मरण होते. श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेण्याची त्यांची पद्धत शिक्षकाला आजही मार्गदर्शक ठरेल.

या परंपरांतून एक शैक्षणिक सूत्र हाती येते. मुलाला कोरा कागद देऊन ‘कविता लिही’ म्हणणे व्यर्थ आहे. त्याला चाल द्यावी, कडव्याचा साचा द्यावा आणि एक जागा रिकामी ठेवावी. ती जागा भरताना होणारी शब्दांची निवड हाच सर्जनाचा आरंभ होय. रूढ चालीवर नवे शब्द रचणे ही नक्कल नव्हे. लोकगीत याच मार्गाने वाढले आहे. अर्थात परंपरा जशीच्या तशी स्वीकारणेही योग्य नाही. भुलाबाईच्या गाण्यांतील सासुरवासाची कल्पना आजच्या मुलीने बदलली, तर ती परंपरेची हानी मानू नये.

बोलीचा प्रश्न

वऱ्हाडीत ‘ळ’चा उच्चार ‘य’ होतो. ‘शाळा’ची ‘शाया’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. शाळेत हा उच्चार दुरुस्त केला जातो. परंतु गीतरचनेच्या दृष्टीने पाहता ‘शाया’ला ‘माया’ हे यमक केवळ वऱ्हाडीतच सापडते. प्रमाण मराठीत ‘शाळा’ आणि ‘माया’ जुळत नाहीत. मुलाच्या कानाला जे यमक सहज सुचते, तेच अशुद्ध ठरविले गेले तर ते रचना करण्याचे सोडून देते आणि पाठांतराकडे वळते. त्यातच शालेय नाटकात वऱ्हाडी बोलणारे पात्र बहुधा गडी किंवा विनोदी पात्र असते. त्यामुळे आपली भाषा हसण्यापुरतीच आहे, असा संस्कार मुलावर होतो. प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहेच. ते बोलीच्या अवहेलनेवर उभे राहू नये, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

उसने दुःख

आशयाच्या बाबतीत एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. कापूसपट्ट्यातील शेतकरी आत्महत्या हा या प्रदेशाचा जिव्हारी लागणारा विषय आहे. परीक्षक व प्रेक्षक हेलावतील या हेतूने जेव्हा मुलांच्या तोंडी या विषयावरील दीर्घ स्वगते घातली जातात, तेव्हा प्रौढांचे दुःख मुलांकडून वदवून घेतले जाते. कदाचित त्याच वर्गात असा आघात सोसलेले मूल बसलेले असते, याचेही भान सुटते. मुलांपासून वास्तव लपवावे असा याचा अर्थ नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील मुलाला विहिरीच्या खारट पाण्याची चव ठाऊक असते, गोड पाण्यासाठीची पायपीट ठाऊक असते. यावर त्याने रचलेली चार ओळींची झडती कलादृष्ट्या ओबडधोबड असेल. तरी तिच्यातील अनुभव त्याचा स्वतःचा असतो. शालेय रंगभूमीच्या समीक्षेने प्रभावीपणाइतकेच मूल्य या स्वामित्वाला दिले पाहिजे.

समारोप

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षणाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला व अध्ययन यांची सांगड घालण्यास सांगितले. धोरणाची अनुकूलता आहे. वर्गात काय करावे, हा प्रश्न उरतो. त्या दृष्टीने दोन गोष्टी तातडीने शक्य आहेत. शालेय नाटकात किमान एक गीत मुलांनी सामूहिकपणे रचलेले असावे आणि ते मुलांनी प्रत्यक्ष गावे. तसेच महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी परिसरातील भुलाबाईची गाणी, झडत्या आणि मुलांच्या नव्या रचना यांची पद्धतशीर नोंद ठेवावी. लोकसाहित्य म्हणून वृद्धांकडून गाणी गोळा करणारे आपण अभ्यासक, तीच परंपरा पुढे नेऊ शकणाऱ्या मुलांकडे अद्याप वळलेलो नाही. शालेय रंगभूमीचे मूल्यमापन करताना मुलाने किती संवाद बिनचूक म्हटले याबरोबरच, त्यातला कोणता शब्द त्याचा होता, हेही विचारले गेले पाहिजे.