‘द सेलिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६८’ : प्रतिमेचे दर्शन, पैशाचे मौन

जो मॅकगिनिस यांच्या १९६९ साली प्रकाशित झालेल्या या ग्रंथात रिचर्ड निक्सन यांच्या दूरचित्रवाणी प्रचाराचे अंतरंग उलगडते. रॉजर एल्स यांच्या कार्यक्रमांत प्रश्न नागरिक विचारीत. टाळ्या देणारे प्रेक्षक मात्र पक्षाने जमविलेले असत. हे वर्णन आजही अजोड आहे. तथापि उमेदवार ‘विकला’ जातो असे सांगताना प्रक्षेपणाचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न ग्रंथाच्या केंद्रस्थानी येत नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणग्यांवरील मर्यादा राखली, खर्चावरील रद्द केली. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निर्णयाने कंपन्या व कामगार संघटनांना स्वतंत्र प्रचारखर्चाची मुभा दिली. तेव्हापासून अनेक जाहिरातींमागील देणगीदाराचे नाव मतदाराला कळतही नाही.