मुके जनावर आणि मराठी गद्य

मराठी ग्रंथपरीक्षणांत एखाद्या लेखकाच्या कथेत बैल, म्हैस किंवा शेळी ठळकपणे आली की ‘प्राणिप्रेम’ हा शब्द हमखास योजला जातो, आणि त्याच्या पाठोपाठ ‘मुके जनावर’ हे दुसरे ठरीव पद येते. ही दोन्ही पदे समीक्षकाची सोय पाहतात, कलाकृतीची नव्हे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ज्या घरात जनावर असते त्या घरात त्याला कोणी मुके समजत नाही. आमच्या घरी एक म्हैस होती. धार काढणारे माणूस बदलले की ती पान्हा चोरी. तहानेचे रेकणे कोणते आणि रेडकासाठीचे कोणते, हे माझी आजी माजघरात बसून ओळखी. तिचे म्हशीवर प्रेम होते का, असे कोणी विचारले असते तर तिला प्रश्नच कळला नसता. म्हैस आटली की विकावयाची, हे तिला पक्के ठाऊक होते; आणि विकल्यावर दोन दिवस ती धड जेवली नाही, हेही खरे. ‘प्रेम’ या एका शब्दात ही दोन्ही सत्ये मावत नाहीत. आपल्या गद्यात जेथे ती एकत्र आली, तेथेच जनावर खऱ्या अर्थाने साहित्यात आले, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

आपल्या परंपरेत जनावरांची वाण नाही. लीळाचरित्रातील ससा पारध्यांना चुकवून चक्रधरांच्या आश्रयाला येतो; पैठणला ज्ञानदेवांचा रेडा वेद म्हणतो; एकनाथ काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओततात. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने (1762) अशा कथा घरोघर पोहोचविल्या. परंतु या कथांत जनावर ही संताची कसोटी असते. गाढव पाणी प्याले, आणि त्याचे काम संपले. ते कोणाचे होते, पुढे कोठे गेले, हे विचारण्याचे चरित्रकाराला कारण नसते. यात कमीपणा नाही. त्या वाङ्मयाचे प्रयोजनच निराळे होते.

याला एक अपवाद मात्र आहे, आणि तो आपल्या समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत कोल्हापूरच्या मुक्कामातील एका वासराची हकीकत सांगितली आहे. बहिणाबाई त्या वेळी अवघ्या अकराएक वर्षांच्या, लग्न झालेल्या. गायीचे वासरू त्यांच्या मागे मागे फिरते, त्यांच्या हातून चारापाणी घेते, कीर्तनालाही त्यांच्याबरोबर जाऊन उभे राहते. लोकांत याची चर्चा होते. पती संतापून पत्नीला मारहाण करतो, बांधून घालतो. इकडे वासरू अन्नपाणी सोडते आणि मरते. मरणाच्या आधी ते एका संस्कृत श्लोकाचा उत्तरार्ध उच्चारते, असे बहिणाबाई लिहितात, आणि तो श्लोक मुक्याला वाचा देणाऱ्या कृपेचाच आहे. भाविकाला हा शेवट महत्त्वाचा वाटेल. मला मात्र त्या चमत्काराच्या आधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. एक मुलगी आणि एक वासरू एकाच घरात दावणीला बांधलेली आहेत, आणि त्यांपैकी एकालाच गवत नाकारता येते. बहिणाबाईंनी ही तुलना केलेली नाही. त्यांनी फक्त घडले ते घडल्या क्रमाने सांगितले. वासराला वाचा नसती फुटली तरी त्याला जे सांगावयाचे होते ते सांगून झालेच होते.

अर्वाचीन कथाकादंबरीपुढे प्रश्न हाच होता, की चमत्काराची वाट बंद झाल्यावर या बोलण्याचे काय करावयाचे? अन्य भारतीय भाषांतील दोन कथा येथे सहज आठवतात. प्रेमचंदांच्या ‘दो बैलों की कथा’मध्ये (1931) हिरा आणि मोती मूक भाषेत एकमेकांशी बोलतात आणि लेखक ते आपल्याला हिंदीत सांगतो. कथा गोड आहे. पण बैलांचे शहाणपण हे बरेचसे प्रेमचंदांचेच शहाणपण आहे. शरच्चंद्रांच्या ‘महेश’मध्ये मात्र बैल बोलत नाही. गफूरच्या घरात माणसांनाच अन्न नाही, तेथे बैलाला कोठून मिळणार? ज्या बैलाला तो मुलासारखा मानतो, तो त्याच्याच हातून, संतापाच्या एका क्षणी मरतो. भुकेने प्रेमाचा असा पराभव केलेला दाखविण्याचे धैर्य ज्या लेखकाला होते, त्याला ‘प्राणिप्रेमी’ म्हणणे म्हणजे त्याची कथा न वाचणे होय.

मराठीत ही दिशा प्रथम स्पष्ट झाली ती व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955). ही कादंबरी मास्तरची आणि धनगरांची असे आपण म्हणतो. पण ती मेंढरांचीही आहे. वाडीचे दिवस मेंढरांच्या येण्याजाण्याने मोजले जातात, आणि दुष्काळात मेंढरांना चारा नाही म्हणूनच वाडी उठते. त्यातील एक प्रसंग मी कधी विसरू शकलो नाही. बैलजोडीतला एक बैल गेलेला आहे, नांगरणी अडली आहे, आणि घरची बाई उरलेल्या बैलाच्या शेजारी जू खांद्यावर घेते. माडगूळकर यावर एक शब्दही अधिक खर्च करीत नाहीत. करुण रसाला येथे केवढा वाव होता! पण कुणब्याच्या संसारात माणूस आणि जनावर यांच्या मधली रेघ जेथे पुसट होते ती जागा कामाची आहे, हे त्यांनी ओळखले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तूप लावून चोळतात, त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. खांदेमळणीचा हा विधी भूतदयेतून आलेला नाही. ज्याच्या खांद्यावर घर चालले त्याची ती पोच आहे.

आनंद यादवांच्या ‘गोतावळ्या’ने (1971) हे सूत्र टोकाला नेले. नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याचे लग्न झालेले नाही, जवळचे कोणी नाही. मालकाची जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरांची गरज संपते. कादंबरी नारबाच्याच तोंडून, कागलकडच्या बोलीत सांगितलेली आहे. काही चिकित्सकांना येथे मानवीकरणाचा दोष दिसेल: नारबा बैलांना, म्हशींना, कुत्र्यांना माणसांच्या भावना चिकटवितो. आक्षेप खरा आहे, पण तो यादवांवर नव्हे, नारबावर आहे. ज्याला माणसांत नाते मिळाले नाही, त्याने गोठ्यात ते उभे केले. आणि ते एकतर्फी आहे, कागदावर त्याला काही किंमत नाही, हे कादंबरीला ठाऊक आहे. जनावरे नारबाची नव्हतीच. ज्यांना तो आपले म्हणत होता, त्यांच्यावर त्याची मालकी नव्हती. आणि ज्याची मालकी होती, त्याला ती ओझे वाटू लागली होती. बोलीमुळे हे दुःख अलंकारात जात नाही. प्रमाण मराठीत हीच कादंबरी भाबडी झाली असती.

शहरातल्या पाळीव प्राण्यांविषयी येथे फारसे लिहीत नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘हसवणूक’मध्ये त्यांची, त्याहून अधिक त्यांच्या धन्यांची, जी संभावना केली आहे ती पुरेशी आहे.

रानातील जनावराशी गाठ पडते तेव्हा मात्र कामाचे हे नाते तुटते, आणि लेखकाची पंचाईत होते. माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला (1982) दुसऱ्याच वर्षी साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीतील प्रमुख नराची सत्ता जाते, नवा नर येतो आणि पिलांवर काळ येतो, हे काही कल्पनेचे खेळ नव्हेत. धारवाडच्या परिसरात सुगियामा या जपानी संशोधकाने 1960 नंतरच्या वर्षांत आणि पुढे अबूच्या डोंगरात सारा हर्डी यांनी हेच पाहून नोंदविले होते. माडगूळकरांचे गद्य येथे विलक्षण संयमी आहे. पण पुस्तकाचे नाव त्या संयमाशी इमान राखत नाही, असे मला म्हणावयाचे आहे. 1977 आणि 1980 ची सत्तांतरे ताजी असताना हे नाव वाचकाच्या हाती एक किल्ली देते, आणि ती हाती आली की तो वानरे पाहणे सोडून पुढारी शोधू लागतो. रेड्याने वेद म्हणावेत तशी ही वानरे मग राजकारण म्हणू लागतात. सुदैवाने कादंबरीची पाने आपल्या नावापेक्षा हट्टी आहेत. फांदी, पाणवठा, ऊन आणि भीती यांच्यापासून ती हलत नाहीत.

मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली. वनखात्यातील नोकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे काढलेल्या वर्षांत त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द घेतले. जेथे शब्द नव्हता तेथे ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे घडविले. त्यांच्या लेखनात निरीक्षण आणि ऐकीव कथा यांची सरमिसळ कधी कधी होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्या पक्ष्याला आपण ‘एक पक्षी’ म्हणून सोडून देत होतो त्याला नाव देणे, हे त्याला प्रतीक करण्यापेक्षा फार मोठे काम आहे.

प्रतीकाचा विषय निघालाच आहे, तर शेवटी गिधाडांकडे वळतो. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ 1970 मध्ये रंगभूमीवर आले. त्यात गिधाड नाही. एकमेकांचे लचके तोडणारे एक कुटुंब आहे. आठ वर्षांनी आलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) गिधाडे खरोखरीची आहेत. मेलेले ढोर ओढणे हे गावाने महारांच्या माथी मारलेले काम. त्या ढोराच्या मांसासाठी माणसे धावतात आणि आकाशातून गिधाडेही उतरतात. हे मांस सोडा, असे बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च 1927 मध्ये महाडला सांगितले होते. ते सोडणे भुकेल्या पोटाला किती महाग होते, ते दया पवारांनी दाखविले. येथे गिधाड अधाशीपणाची खूण नाही. ते प्रतिस्पर्धी आहे. त्याचीही भूक खरी आहे. ज्या गायीच्या डोळ्यांवर आपल्या ललित निबंधांनी पाने खर्ची घातली, तीच गाय येथे दुसऱ्या बाजूने दिसते, आणि कोणत्या बाजूने पाहावयाचे हे पाहणाऱ्याने निवडलेले नसते.

काही दिवसांपूर्वी हे दोन्ही ग्रंथ मी वर्गात एकापाठोपाठ घेतले. गिधाड प्रत्यक्ष कोणी पाहिले आहे, असे विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, ती गुरे मेल्यावर खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत गेली. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोपर्यंत आकाश रिकामे झाले होते. तेंडुलकरांचे गिधाड माझ्या विद्यार्थ्यांना लगेच कळले. दया पवारांचे गिधाड केवढे असते, ते जमिनीवर कसे उतरते, आणि त्याच्या आधी ढोराजवळ पोहोचण्यासाठी माणसाला किती जोरात पळावे लागते, हे मला हातवारे करून सांगावे लागले.